बोरसावळीची बारा वर्षं

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला अण्णांचा फोन यायचा, तसा त्या रविवारीही आला. सारिका तेव्हा एका वाक्याशी झटापट करत बसली होती. ऑफिसचं काम ती रविवारी घरी आणायची. एकट्या माणसाला रविवार आणि बुधवार सारखेच, असं ती सांगायची, आणि त्यात तक्रारीचा सूर नसायचा.

"काय करायलीस माय?"

"काम. तुम्ही?"

"स्टँडवर हाय. सव्वादहाची लागायली. थांब, आवाज देतो."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग खरखर, आणि मग कर्ण्यातून अण्णांचा स्वर, चौतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाचा, सगळ्या गाडीला पुरून उरणारा. "प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं. बोरसावळी-नांदेड गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे. फलाट एकच आहे, तवा कुणी गोंधळून जाऊ नये."

बाकांवरचं हसू तिला फोनमधून ऐकू आलं. गाड्या आता कंडक्टरविना धावत होत्या, लहान स्टँडांवर माणूस नेमणं केव्हाच बंद झालं होतं. बोरसावळीच्या स्टँडची बंद केबिन अण्णांनी स्वतः झाडून घेतली होती आणि तिथला जुना माईक दुरुस्त करून आणला होता. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी अडवलंही नाही.

"शेजारच्या एस्तेरबाईच्या विहिरीला पाणी वाढलंय," ते परत फोनवर आले. "मागल्या साली ह्या टायमाला सात पायऱ्या उघड्या होत्या. आता चारच. तुमच्या कंपनीला कळव."

"त्यांना कळतं, अण्णा. वरून दिसतं."

"वरून दिसतंय म्हणा." मग म्हणाले, "ती मागची खोली अजून पुस्तकांचीच का?"

"हो."

"उन्हं दाखवत जा अधूनमधून. कसर लागती."

"हो, अण्णा."

"बरं. गाडी आली."

फोन बंद झाला. सारिका वाक्याकडे वळली. ते दुपारी जमलं, आणि जमलं म्हणून तिला बरंही वाटलं.

सोमवारी अकरा वाजता एस्तेरबाईंचा फोन आला. अण्णा केबिनमध्ये खुर्चीवरच गेले होते. माईक चालू राहिला होता. बाकांवरच्या लोकांना बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती, तेव्हा कुणीतरी आत डोकावलं.

*

तीन वर्षांपूर्वी, आई जाऊन वर्ष झाल्यावर, अण्णांच्या भाड्याच्या घराचा मालक घर विकायला निघाला. अण्णांनी, म्हणजे नागनाथ उंबरकर या माणसाने, उभ्या मराठवाड्याला तिकिटं फाडून दिली होती, पण स्वतःच्या नावावर चार भिंती केल्या नव्हत्या. फंडाचे म्हणून जे होते त्यात एखाद्या लहान गावात दोन खोल्या येतील, एवढाच हिशेब होता. गाव कोणतं, ते सारिकाने शोधायचं ठरलं. तिचं कामच ते होतं.

तिची कंपनी गावांचं आयुष्य मोजायची. आकाशात एकामागोमाग फिरणारी दोन यानं होती. जमिनीखाली पाणी जास्त असलं की तिथली ओढ केसभर वाढते, पुढचं यान किंचित खेचलं जातं, दोघांमधलं अंतर बदलतं. त्या बदलावरून खालच्या पाण्याचं वजन काढता येतं. युक्ती जुनीच. पूर्वी तिच्याने अख्खा प्रदेश जेमतेम दिसायचा, आता एकेक गाव दिसत होतं. जोडीला बोअरच्या पाण्याचं वय तपासलं जाई, ते पाच वर्षांपूर्वी मुरलं की पाच हजार. पाच हजार वर्षांपूर्वीचं पाणी उपसणारं गाव म्हणजे आजोबांची जमीन विकून दिवाळी करणारं घर. त्यात पंपांचा वीजवापर आणि रात्रीची उष्णता मिळवली की एक आकडा निघे : हे गाव माणशी चाळीस लिटर पाणी अजून किती वर्षं देऊ शकेल. त्याला पाणवर्षं म्हणत. तो सगळ्यांना पाहायला खुला होता. तीस पाणवर्षांच्या आतल्या गावात कुठलीच बँक कर्ज देईना, म्हणून तिथली घरं स्वस्त झाली.

यंत्र इथेच थांबलं असतं तर ते फक्त गावांचं भविष्य सांगत राहिलं असतं. पण दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं की रक्ताच्या तपासण्या, झोप, चालण्याची लय आणि वय यांवरून माणसाचाही आकडा निघतो, त्याची किती वर्षं उरली याचा. मग सत्तरीच्या माणसाला साठ पाणवर्षांचं गाव कशाला विकायचं? त्याला ते परवडत नाही, आणि लागतही नाही. माणसाच्या आकड्यात एक मिळवायचा आणि तेवढी पाणवर्षं असलेलं सर्वांत स्वस्त गाव शोधून द्यायचं. गणितात चूक काढायला जागा नव्हती.

माणसाचा आकडा त्याला दाखवायला कायद्याने बंदी होती. तेव्हा अहवालात त्या जागी काय लिहायचं, हा प्रश्न भाषा विभागाकडे आला. भाषा विभाग म्हणजे सारिका आणि आणखी दोघं. तिने चार मसुदे केले. चौथा मंजूर झाला : 'हे गाव आपल्या गरजेस पुरेसे आहे.' साहेबांनी पाठ थोपटली. वाचन असलेल्या माणसाचा हात कळतो, म्हणाले.

*

यंत्राने पहिल्यांदा यादी दिली ती अण्णांची तपासणी होण्याआधीची, नुसती किमतीवरून काढलेली. आठ गावं. अण्णा म्हणाले, "कागदावर गाव कळत नसतंय. स्टँड बघावं लागतंय."

मग सुट्ट्या काढून ती त्यांच्याबरोबर हिंडली. अण्णा गाडीतून उतरले की प्रथम स्टँडवरची पाणपोई बघायचे, मग मुतारी, मग चहावाल्याच्या कपबशा. पाणपोईचा रांजण झाकलेला असला तर गावात अजून कुणाला कुणाची लाज आहे असं समजायचं, हा त्यांचा नियम होता. शेवटी ते बाकावर बसून एक गाडी जाऊ द्यायचे. गाडीत चढताना लोक म्हातारीला वाट देतात का, तेवढं बघायचे.

कासारटाकळी त्यांनी पाच मिनिटांत नापास केली. "इथं नको. चहावाला पैसे आधी मागतंय."

"त्यात काय झालं?"

"ज्या गावाचा माणसावर भरोसा नाही, त्या गावात एकट्यानं मरू नये."

देवळेगावच्या रांजणाला झाकण नव्हतं. तिसऱ्या गावात स्टँडवर कुत्री फार. चौथ्या गावात सगळं ठीक होतं, तर अण्णा म्हणाले, "सगळंच ठीक हाय. मला करमणार नाही."

"अण्णा, असं करून कसं चालेल?" सारिका वैतागली. "तुम्हाला नक्की राहायचंय तरी कुठे?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. गाडी सुटायच्या आधी दार ओढताना कंडक्टर मागच्या माणसाकडे बघतो ना, येतोस का राहतोस, तसं बघितलं. मग म्हणाले, "बघू की. अजून चार राहिलीत."

पुढे हे बघणं तिला रोज आठवणार होतं. त्या दिवशी मात्र तिने घड्याळ पाहिलं.

*

उरलेली चारही गावं नापास झाली, तेव्हा तपासणीसाठी अण्णा पुण्याला तिच्याकडे दोन दिवस आले. दोन खोल्यांचा फ्लॅट. पुण्यात तेव्हा घरागणिक माणसांचा पाणीपरवाना असे. सारिकाच्या पाणीबिलावर दर महिन्याला छापून यायचं : मंजूर माणसं दोन, राहणारी एक. दुसऱ्या माणसाच्या खोलीत पुस्तकं होती, जमिनीपासून छतापर्यंत, आणि मधोमध एक वेताची खुर्ची. अण्णा दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपले. सकाळी त्यांनी चादरीची घडी इतकी बारीक घातली होती, की तिथे कुणी झोपलं होतं असं वाटू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फॉर्म भरायला बसली. अण्णा शेजारी, चष्मा लावून.

"जन्मतारीख एक जून एकोणीसशे सत्तर," ती टाइप करत पुटपुटली.

"ती खोटी हाय."

"म्हणजे?"

"आमच्या शाळेत सगळेच एक जूनचे. मास्तरला पट भरायचा होता. पट भरला तर दुसरा मास्तर मिळत होता. मी थोरल्याच्या मागं मागं जाऊन बसायचो, मला उचलून पहिलीत लिहिलं. दोन वर्षं वाढवून." अण्णा हसले. "माझा जन्म बहात्तरच्या पोळ्याचा. आई सांगायची, बैलं मिरवून आली तवा तू झालास. दोन वर्षं आधी रिटायर झालो त्याच्यापायी. खरी घाल की, बघू काय म्हणतंय तुझं यंत्र."

तिने खरी घातली. कर्मचारी असल्यामुळे तिला तिच्या पडद्यावर माणसाचा आकडाही दिसत असे. अकराचे तेरा झाले. यादी हलली. बारा पाणवर्षांचं बोरसावळी सगळ्यात वर होतं, परवडण्याजोगं होतं; ते नाहीसं झालं. उरली दोन गावं, दोन्ही अण्णांच्या फंडाच्या दुपटीची. आणि त्यांच्याखाली, यंत्राने आपल्या कोरड्या आवाजात, एक ओळ आणली होती. तिने लिहिलेली नव्हती ती. कुणा अभियंत्याने सरळ लिहून टाकली असावी.

'कुटुंबातील सदस्याच्या परवान्यात एक जागा रिकामी आहे. हा पर्याय पाहायचा आहे का?'

खाली दोन चौकोन होते. हो. नाही.

सारिकाच्या मनात त्या वेळी कुठलाही दुष्ट विचार आला नाही. अण्णांचा सकाळचा रेडिओ तिच्या मनात आला. कर्ण्यासारखा आवाज आला. रविवारी दुपारची, खिडकीतून उन्हाचा पट्टा वेताच्या खुर्चीवर सरकत येतो तेव्हाची, कुणीच काही विचारत नाही ती शांतता आली. वीस वर्षं लावून कमावलेली होती ती.

तिने मागे जाऊन तारीख पुन्हा एक जून सत्तर केली.

"कागदाशी जुळावं लागतं, अण्णा. आधारवर असेल तीच चालते."

ते अर्धं खरं होतं. शपथपत्राने तारीख बदलता यायची. तसं सांगणारी सूचना तिनेच लिहिली होती.

अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "हाव," ते म्हणाले. "कागदच खरा."

बोरसावळी पुन्हा यादीत वर आलं. छापील अहवाल अण्णांनी मोठ्याने वाचला, तिकिटावरचा मजकूर वाचावा तसा. "'हे गाव आपल्या गरजेस पुरेसे आहे.' कुणी लिहिलं गं हे?"

"मी."

"चांगलं लिहिलंय. कुणाला लागत नाही."

बोरसावळीच्या रांजणाला झाकण होतं की नाही, हे बघायला ते गेलेच नाहीत. पहिल्या खेपेला ज्या गाडीने गेले, तिच्यातच ट्रंक होती.

*

बारा पाणवर्षांचं गाव कोण घेणार? ज्यांचा आकडा अकरा, नऊ, सहा. बघता बघता बोरसावळी म्हाताऱ्यांनी भरलं. निवृत्त तलाठी आले, कंपाउंडर आले, विधवा मास्तरणी आल्या. शाळेला कुलूप लागलं. न्हाव्याच्या दुकानात आरशासमोर दिवसभर एकच डोकं, तेही टक्कल. तरुण होते ते पाणवर्षांचा आकडा बघून आधीच निघून गेले होते, आणि त्यांच्याबरोबर ऊस गेला, रात्रंदिवस चालणारे पंप गेले. म्हाताऱ्या माणसाला किती पाणी लागतं? दोन बादल्या आणि एक तांब्या. जमिनीखालचं पाणी गुपचूप वर येऊ लागलं. यंत्राने गावाचं मरण सांगितलं, ते ऐकून गाव रिकामं झालं, आणि रिकामं झालं म्हणून जगलं. पुण्याचा आकडा मात्र सत्तरवरून एक्केचाळीसवर घसरला, कारण सगळे तिथेच आले.

सारिका तीन वर्षांत चारदा गेली. दर वेळी एक मुक्काम. अण्णा तिला स्टँडवर न्यायला आणि सोडायला यायचे, आणि सोडताना माईकवरून म्हणायचे, "पुण्याच्या ताईंनी खिडकीची जागा घ्यावी. त्यांना वाचायचं असतंय."

*

तेरावं झाल्यावर ती घर आवरायला थांबली. आवरायला फार नव्हतंच. एस्तेरबाई शेजारच्या, सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या. गावात सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्या डबा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या.

"घर विकणार?"

"कोण घेईल?"

"आता घेतील की. गावाचा आकडा एकोणीस झाला. परवा आला." त्यांनी डब्याचं झाकण काढलं. "उंबरकर असते तर माईकवर सांगितलं असतं. खा दोन घास."

सारिकाने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "सिस्टर, त्यांना कल्पना नव्हती. त्या आकड्याची. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या."

एस्तेरबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं इंजेक्शनला घाबरणाऱ्या दांडग्या माणसाकडे पाहावं. "अगं पोरी, गावाचा आकडा बारा म्हणजे आपला फार तर अकरा. चौथीतलं गणित आहे. इथं सगळ्यांना माहीत आहे. आम्ही बाकावर बसून एकमेकांना चिडवतो, तुझं सहाचं असेल, तुला बारा कशाला दिली. तू लिहिलेलं ते वाक्य तर सगळ्यांना पाठ आहे. आमटीत मीठ कमी पडलं तरी म्हणतो, आपल्या गरजेस पुरेसे आहे."

तीन वर्षं सारिका समजत होती की त्या वाक्याने लोकांपासून काहीतरी झाकलं. झाकलं गेलं होतं ते तिचं तिच्यापासून.

"ते... रागावले होते का माझ्यावर?"

"राग नाही." एस्तेरबाई शब्द शोधू लागल्या. "एकदा म्हणाले होते. तू तारीख बदलून परत पहिली केलीस, तेव्हा त्यांनी पडद्यावरची ती ओळ वाचली होती, परवान्याची. मी म्हटलं, मग तुम्हीच का नाही म्हणालात, की बाई, मी राहतो तुझ्याकडे? तर म्हणाले, सिस्टर, कंडक्टरला गाडीत शिरल्या शिरल्या रिकाम्या सीटा मोजायची सवय असती. तिच्याकडं एक रिकामी होती. पण ज्याच्या शेजारची हाय, त्यानं सरकून 'बसा' म्हणायला लागतंय. उभ्या माणसानं म्हणून कसं चालंल?"

सारिकाने भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

"आठ गावं नापास केली म्हणाले त्यांनी," एस्तेरबाई उठता उठता म्हणाल्या, "तुला दम धरायला वेळ मिळावा म्हणून. चहावाला पैसे आधी मागतो म्हणून कुणी गाव सोडतं का?"

*

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गाडीला अर्धा तास होता. सारिका ट्रंक घेऊन स्टँडवर आली. बाकांवर दहाबारा जण बसले होते, काही गाडीसाठी, बरेचसे नुसतेच. रांजणावर झाकण होतं. झाकणावर पालथा पेला, आणि पेल्याला सुतळी, कुणी पळवू नये म्हणून. ती गाठ अण्णांच्या हातची होती.

केबिन उघडीच होती. खुर्ची, टेबल, माईक. टेबलावर वेळापत्रकाचा पुठ्ठा. तो उचलला तर खाली एक घडी घातलेला कागद होता. तिचंच पाणीबिल, तीन वर्षांपूर्वीचं, त्या दोन दिवसांतलं. अण्णांनी कधी खिशात घातलं तिला कळलंही नव्हतं. मागच्या बाजूला पेन्सिलीने गाड्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. पुढच्या बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं. फक्त छापील ओळीतल्या 'मंजूर माणसं दोन'खाली एक रेघ होती.

"ताई," बाकावरून एक म्हातारे ओरडले, "साडेअकराची कधी लागणार? कुणी सांगत नाही आता."

ती खुर्चीवर बसली. अण्णा बसायचे तशी, एक पाय दांडीवर. बटण दाबल्यावर कर्ण्यात खरखर झाली आणि बाकांवरची सगळी डोकी वर झाली.

"प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं," ती म्हणाली. आवाज तिचा तिला ओळखू येईना. "बोरसावळी-पुणे गाडी साडेअकरा वाजता लागत आहे. फलाट क्रमांक एक."

इथे संपत होतं. बटणावरचं बोट तिला उचलता आलं नाही.

"अण्णा," ती म्हणाली, आणि ते सगळ्या स्टँडवर, न्हाव्याच्या दुकानात, एस्तेरबाईंच्या विहिरीपाशी ऐकू गेलं, "मागची खोली रिकामी करते मी. इथं नका राहू. माझ्याकडं चला."